तांबे गुरुजींची उलटी कॅलेंडरं

जानेवारी उजाडला की तांबे गुरुजी घरोघरी फिरून गेल्या वर्षीची कॅलेंडरं मागत. रत्नागिरीच्या दुकानदारांनी वाटलेल्या लक्ष्म्या, गणपती, आगबोटी, सगळं त्यांच्या पिशवीत. चित्राशी त्यांना कर्तव्य नसे. पान उलटं करायचं आणि वर्गाबरोबर न चालणाऱ्या पोराचं नाव कोऱ्या बाजूवर घालायचं. एका पोराला एक पान.

ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. संगमेश्वराजवळच्या त्या शाळेत मी मुख्याध्यापक होतो. पानावर पहिला मथळा 'येतं', दुसरा 'पुढे', आणि मुदत सणाची. सुरेखाचं पान मला पाठ आहे. 'येतं: कोळंबीचे वाटे बरोबर घालते. पुढे: भागाकार, त्याच वाट्यांनी. शिमग्यापर्यंत.'

कोळंबी खरोखरीची होती. तपासणीला आलेले साहेब नाकाला रुमाल लावून दारातच थांबले.

"हा काय प्रकार, गुरुजी?"

"भागाकार, साहेब."

"आणि ते मांजर?"

"बाकी न्यायला आलंय."

साहेब गेल्यावर मी गुरुजींना झापलं. "सगळ्यांना पुस्तक एकच आहे, गुरुजी."

"पुस्तक एकच हो. पोरं एकसारखी कुठायत? येत नाय ते सगळ्या गावाला ठाऊक असतं, हेडमास्तर. येतं काय, ते सांगा."

शिमग्याच्या आधीच सुरेखाने फळ्यावर भागाकार करून दाखवला. असा शिक्षक मी दुसरा पाहिला नाही. हे तेव्हा त्यांना सांगायला हवं होतं.

सांगायचं आणखीही आहे. माझी नंदा तेव्हा आठ वर्षांची होती. तिला बोलायला चार-पाच शब्द. ती अलोऱ्याला आत्याकडे शिकते असं मी गावात सांगत असे. खरं तर ती घरातच असे. कुणी आलं की मी माजघराचं दार लोटून घ्यायचो. हेडमास्तरची मुलगी अशी, हे मला सोसत नव्हतं.

गुरुजी दर रविवारी वर्तमानपत्र वाचायला आमच्या पडवीत येत. एकदा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "अलोऱ्याची शाळा बरी म्हणायची. रविवारी सुट्टी देतात, सोमवारीपण देतात."

पुढच्या रविवारी त्यांनी पाणी मागितलं, आणि बायकोने मला न विचारता नंदाच्या हाती तांब्या देऊन तिला बाहेर पाठवलं.

"थेंब सांडला नाय गो तुझा," गुरुजी म्हणाले.

मी पेपर तोंडासमोर धरला होता. त्यानंतर दर रविवारी त्यांना तहान लागे. दर रविवारी मी पेपर धरून बसे. दोन वर्षं.

एका मे महिन्यात त्यांची दापोलीकडे बदली झाली. चार्ज देताना त्यांनी पानांची गुंडाळी माझ्या टेबलावर ठेवली आणि एसटी चुकेल म्हणून निघून गेले. सगळ्यात आतलं पान नंदाचं होतं.

'येतं: भरला तांब्या न सांडता आणते. वडिलांचं पाऊल ओळखते. त्यांनी दार लोटण्याआधी आपणच आत जाते.

पुढे: शाळेत येणे.'

मुदतीत गणपती लिहून खोडला होता. मग शिमगा, तोही खोडलेला. पुन्हा गणपती, पुन्हा शिमगा. खाली बारीक अक्षरात: 'वडील आणतील. त्यांना घाई करू नये.'

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी मी नंदाला हाताला धरून भर रस्त्याने नेलं. पहिलीच्या पटावर तिचं नाव मीच घातलं. वयाच्या रकान्यात दहा लिहिलं. वर-खाली सगळीकडे सहा होतं.