सात नंबरच्या वानखडे

‘या नावाचं कोणी इथं राहत नाही.’ हे वाक्य मी ज्या ठामपणे उच्चारलं, त्या ठामपणे मी माझ्या लग्नाला होकारसुद्धा दिला नव्हता.

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा पासष्टीची, म्हणजे तशी अल्लडच. बिबवेवाडीतल्या आमच्या छोट्या सोसायटीची सेक्रेटरी म्हणून नुकतीच बिनविरोध निवडून आले होते. बिनविरोध म्हणजे दुसरं कोणी उभंच राहिलं नव्हतं, पण एवढं कळण्याची अक्कल त्या वयात कुठली? सोसायटीचा शिक्का पर्समध्ये घालून मी भाजीला जात असे. कुठे, कधी, कशावर उठवावा लागेल, काय सांगावं.

तर एका दुपारी कुरिअरवाला आला. जिना नुकताच पुसून घेतलेला, आणि त्याच्या बुटांना चिखल. मी खालीच उभी होते.

“सात नंबर, वानखडे?”

“सात नंबरला देशमुख राहतात. इमारत झाली तेव्हापासून तेच राहतात.”

“पण मॅडम, पत्ता हाच आहे. फोन केला तर उचलत नाहीत.”

“जे राहतच नाहीत ते फोन कशाला उचलतील?”

“वर जाऊन विचारून येऊ का?”

“मी सांगतेय ते पुरत नाही का? मी सेक्रेटरी आहे.”

त्यानं मोबाइलमध्ये काहीतरी टिपलं आणि खोकं काखेत मारून निघून गेला. मी पंख्याखाली जाऊन बसले. सोसायटी सुरक्षित हातांत होती. खोकं मात्र सात नंबरच्या देशमुखवहिनींचंच होतं, आणि ते मला कळायला बरेच दिवस जायचे होते.

वहिनी कुठेही गेल्या की पर्समधून स्वतःची गाळणी काढत. हातरुमालात गुंडाळलेली छोटी स्टीलची गाळणी. चहा समोर आला की ती कपावर ठेवायची, दुसऱ्या रिकाम्या कपाची मागणी करायची, आणि यजमानीणबाईंच्या देखत चहा पुन्हा गाळायचा. एकदा आम्ही एका घरी सांत्वनाला गेलो होतो. तिथेही गाळणी निघाली. रडणाऱ्या बाई रडायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, “आम्ही गाळूनच देतो हो.” वहिनींनी गाळणी त्यांच्यापुढे धरली. “दिसतं ना,” म्हणाल्या.

त्या मूळच्या अमरावतीकडच्या. लग्न होऊन पुण्यात आल्या त्याला चाळीसहून जास्त वर्षं झाली, बोलणंही बरंचसं इथलं झालं, पण ‘काहून’ काही सुटलं नाही. पुण्याबद्दल त्यांचं ठरलेलं मत होतं. “इथं लोक बोलणं गाळून गाळून बोलतात. चहा मात्र तसाच देतात, बाप्पा.”

आणि त्या बसत नसत. खुर्ची ही वस्तू पर्स ठेवण्यासाठी असते अशी त्यांची समजूत होती. बोलता बोलता दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीतून गल्लीवर नजर टाकून परत. त्यांच्याशी तासभर गप्पा मारल्या की माझी मान दुखायची. देशमुखसाहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. ते बायकोला “ऐकलं का” अशी हाक मारत. वहिनी स्वयंपाकघरातून “नाही ऐकलं” असं उत्तर देत. बाकी आम्हा सगळ्यांच्या त्या वहिनी. मुलांच्या आई, नातवंडांच्या आजी. त्यांना स्वतःचं नाव असेल हा विचार मला कधी शिवला नव्हता.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता वहिनींना मोबाइलवर जपानमधली कोणी एक बाई सापडली. ती बाई तारेच्या गाळण्या हातानं विणून विकायची. वहिनींनी मागवली. मुलालाही न विचारता, सगळे रकाने स्वतः भरून. आणि मग रोज सकाळी माझी बेल वाजायला लागली.

“निघालं.”

“कोण निघालं?”

“पार्सल. ओसाकाहून.”

दुसऱ्या दिवशी, “सिंगापूरला मुक्काम आहे.” मग, “मुंबईत उतरलं. पण तिथंच पडून आहे. मुंबईत पाहुण्याला कोण विचारतं?” एखादी भाची एकटीच प्रवासाला निघावी तशा त्या बातम्या आणत. गाळणीसाठी एवढी घालमेल मी पाहिली नव्हती. “पुण्यात आलं,” असं ज्या दिवशी सांगितलं, त्या दिवशी तर त्यांच्या अंगावर ठेवणीतली साडी होती.

आणि मग दोन दिवस बेल वाजली नाही. तिसऱ्या दिवशी वाजली.

“ग्राहक पत्त्यावर आढळला नाही, म्हणे. मी काय कपाटात होते?”

“फोन आला नव्हता का तुम्हाला?”

“अनोळखी नंबर होता. अनोळखी नंबर काहून उचलू?”

मी वहिनींना मनापासून धीर दिला. “हे कुरिअरवाले असेच हो. जिना चढायचा कंटाळा. खालूनच परत जातात.” इतकं खरं आणि इतकं निर्लज्ज वाक्य मी पुन्हा बोललेले नाही. पण देवाशपथ सांगते, मला काहीच कळलं नव्हतं. तो आला होता वानखड्यांकडे. या तर देशमुख.

पुढचे दिवस वाईट गेले. वहिनी तक्रारीच्या नंबरावर फोन लावून घरभर फिरत. “आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे,” असं पलीकडून यंत्रातली बाई सांगायची. “मंग उचल ना वं,” वहिनी तिला म्हणायच्या. जपानच्या बाईनं फार नम्रपणे कळवलं की तिला अतिशय वाईट वाटतंय, ती पैसे परत करते. वहिनींनी नको म्हणून कळवलं.

“घ्या की,” मी म्हटलं. “दुसरी गाळणी येईल.”

“मला तेच खोकं पाहिजे.”

“अहो, पण का?”

“काहून काहून करू नको,” त्या म्हणाल्या. हे त्यांनी मला म्हणावं.

शेवटी पाच नंबरवाल्यांनी सेक्रेटरीकडे तक्रार केली, की डोक्यावर दिवसभर कोणीतरी चालतंय. समज द्यायला मी वर गेले. वहिनी चालत होत्या. ओट्यावर चहाचा कप होता, पार थंड झालेला, आणि त्यात चहापत्ती तरंगत होती. त्यांनी माझ्यादेखत तो तसाच पिऊन टाकला. मी समज न देता खाली आले. खाली येताना मला पहिल्यांदा वाटलं, की यात गाळणीचा काही संबंध नाही.

दोन दिवसांनी त्या चपला घालूनच माझ्या दारात उभ्या.

“चल. लोणी काळभोरच्या अलीकडे त्यांचं गोडाऊन आहे. आज नेलं नाही तर उद्या परत जपानला धाडतात. साहेबांना बोलू नको.”

रिक्षात त्या बसल्या, कारण रिक्षात चालता येत नाही. पण पाय हलत होते. हडपसरच्या पुढे रस्ता तुंबला होता. माझ्या हातात मोबाइल देऊन त्या म्हणाल्या, “वाच बरं नीट, किती वाजेपर्यंत उघडं आहे.” मी वाचलं. वेळ वाचली, पत्ता वाचला, त्यावरचं नाव वाचलं. प्रमिला वानखडे.

“हे कोण?”

“मी,” वहिनी म्हणाल्या आणि बाहेर उसाच्या ट्रॉलीकडे बघत राहिल्या.

मला चिखलाच्या बुटांचा तो कुरिअरवाला आठवला. कबूल करायचे दहा मोके मला त्या रस्त्यात मिळाले. दहाही मी पर्स उघडबंद करण्यात घालवले.

गोडाऊनच्या खिडकीत चष्मा लावलेला एक माणूस होता. खोकं लगेच सापडलं. त्याच्या मागच्या फळीवरच होतं, ओंजळभर आकाराचं. वहिनींची नजर त्यावरून हलेना.

“आधार दाखवा.”

वहिनींनी दाखवलं. त्यानं एकदा कार्ड पाहिलं, एकदा खोकं.

“सुनंदा देशमुख. हे प्रमिला वानखडे यांचं आहे.”

“माहेरचं नाव आहे ते.”

“आडनाव माहेरचं समजू शकतो, मावशी. इथं तर आख्खं माणूसच वेगळं आहे.”

“लग्नात बदललं.”

“त्याचा काही पुरावा?”

“चाळीस वर्षांपूर्वी तांदळात लिहिलं होतं,” वहिनी म्हणाल्या. “आणू का ते तांदूळ?”

तो माणूस हसला नाही. संगणकात बघून म्हणाला, “शिवाय शेरा आहे. ‘या नावाचे कोणी येथे राहत नाही. माहिती देणार, सोसायटी सेक्रेटरी.’”

वहिनी हळूच माझ्याकडे वळल्या.

“ती सेक्रेटरी मी,” मी खिडकीत तोंड घालून म्हणाले. “शेरा चुकीचा आहे.”

“म्हणजे राहतात?”

“राहतात. माझ्याच जिन्यात. याच प्रमिला वानखडे.”

“तुम्ही ओळखता?”

“ओळखते.” हे तितकंसं खरं नव्हतं. त्या नावाशी माझी ओळख हडपसरच्या पुढची.

त्यानं थोडा विचार केला. वहिनींच्या मोबाइलवर एक आकडा पाठवला, तो त्यांनी वाचून दाखवला. “नंबर तर यांचाच आहे,” तो म्हणाला. “पण शेरा ज्यांनी दिला, त्यांनीच लिहून द्यावं लागेल.” मी लिहिलं. सात नंबरमध्ये प्रमिला वानखडे राहतात, मी त्यांना ओळखते. खाली सही केली आणि पर्समधून शिक्का काढून उठवला. एवढ्या वर्षांत त्याचा तेवढाच एक उपयोग झाला.

परतीच्या रिक्षात खोकं वहिनींच्या मांडीवर होतं. मला वाटलं, आता फोडतील. त्या नुसत्या नावाच्या चिठ्ठीवरून बोट फिरवत होत्या. पाय हलायचे थांबले होते.

“वहिनी, चुकलं माझं. त्याला निदान वर तरी पाठवायला हवं होतं.”

“तू काय खोटं बोललीस? नव्हतंच राहत कोणी.” मग त्या म्हणाल्या, “सासूबाईंना प्रमिला नावाची नणंद होती. दोघींचं पटायचं नाही. म्हणून मला सुनंदा केलं. मला कोणी विचारलं नाही, मीही काही बोलले नाही. नाव चांगलंच आहे.”

“मग आता हे मध्येच?”

“अमरावतीला दादा होता. तो प्रमिलाच म्हणायचा. रविवारी फोन करायचा आणि हाक मारल्यासारखा ओरडायचा. उन्हाळ्यात गेला.” त्यांनी चिठ्ठीचा उचललेला कोपरा दाबून बसवला. “त्या जपानच्या बाईनं नाव विचारलं. तिला काय ठाऊक, कोणतं लिहायचं. मी लिहून दिलं. म्हटलं, कोणीतरी दारात येऊन पुकारेल.”

त्याला दारात येऊ दिलं नव्हतं ते मी. रिक्षा मांजरीच्या फाट्याशी येऊन सिग्नलला थांबली. वहिनींनी रिक्षावाल्याच्या पाठीकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे सरकल्या, आणि हलक्या आवाजात म्हणाल्या,

“आता हडपसर येईपर्यंत मले प्रमिला म्हण. पुढं मंग आहेच वहिनी.”