मंदाताईंचं वाण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही: लग्नानंतर बावीस वर्षं मी माझ्या बायकोला, वंदनाला, मनातल्या मनात 'थंड' म्हणत आलो. एकदा तोंडावरही म्हणालो. आणि जी बाई खरं बोलली तिला सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून लेखी नोटीस दिली.

ती बाई म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या मंदाताई. उल्हासनगरच्या एका प्रसूतिगृहात आयुष्यभर नर्स होत्या, त्यामुळे अंबरनाथात राहूनही अख्ख्या जगाला तिथल्या सिंधी लोकांसारखं 'साईं' म्हणतात. आडून बोललेलं त्यांना खपत नाही. जिन्यात कुणी "ताई, जरा खाली दुखतं" असं कुजबुजली की खणखणीत आवाजात विचारणार, "खाली कुठे? तळमजल्यावर? योनीत दुखतं म्हण की साईं! गुडघ्याला नाव आहे, तिला नाही?" वर येणारा दूधवाला दोन पायऱ्या मागे सरकतो.

गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्यांनी प्लास्टिकचे डबे लुटले. मंदाताईंनी वाण म्हणून लुटल्या जेलीच्या ट्यूबा. संबंधाच्या वेळी कोरडेपणाने दुखतं, त्यासाठी मेडिकलमध्ये मिळते ती जेली. सोबत तिळगूळ आणि चिठ्ठी: 'दुखत असेल तर सोसू नका. डॉक्टरीणबाईंना दाखवा.'

बिल्डिंग पेटली. पुरुष माझ्याकडे धावले. ज्यांच्या बायकांनी ट्यूब परत केली नव्हती तेच जास्त ओरडत होते. मी नोटीस लिहिली: 'असभ्य वस्तूंचे वाटप'.

ती फडकावतच त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या. "असभ्य? पुरुषांच्या ताकदीच्या जाहिराती भिंतीभिंतीवर, त्या सभ्य? आणि बाईचं दुखणं असभ्य? सांग सेक्रेटरी साईं, तिला एकदा तरी विचारलंस, दुखतं का म्हणून?"

"ताई, हा आमचा खासगी..."

"दुखतं," मागून वंदना म्हणाली. हातात लाटणं तसंच. "पहिल्या दिवसापासून."

मंदाताईच तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भीतीने योनीभोवतीचे स्नायू आपोआप आवळतात. त्यात आता वयाचा कोरडेपणा. ऑपरेशन नको. स्नायू सैल सोडायचे व्यायाम, हळूहळू सवय व्हायला योनीत घालायच्या लहानापासून मोठ्यापर्यंतच्या गुळगुळीत नळ्या, मलम, आणि नवरा-बायको दोघांना समोर बसवून समुपदेशन. एवढंच! आणि बावीस वर्षं! स्कूटरमधल्या बारीकशा आवाजासाठी मी तीन मेकॅनिक पालथे घातले होते.

वंदना आता बरी होते आहे. परवा तिने दिलेला लाडवांचा डबा घेऊन मी खाली गेलो, तर मंदाताई पुढच्या संक्रांतीच्या चिठ्ठ्या कापत बसल्या होत्या.

"एवढ्या शिव्या खाऊन हा खटाटोप कशाला, ताई?"

त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आलेला ऐकला. "माझंही लग्न झालं होतं. बदलापूरला. मलाही असंच दुखायचं, म्हणून आठ महिन्यांत नवऱ्याने माहेरी आणून सोडलं. म्हणाला, ही बाईच नाही. मलाही तेच खरं वाटलं. मग नर्सिंग शिकताना पुस्तकात एक पान सापडलं. दुखण्याला नाव होतं, उपायही होता." कात्री थांबली. "तोवर त्याचं दुसरं लग्न झालं होतं. वाईट नव्हता रे तो. कुणी विचारलंच नाही."

त्या दिवशी त्या एकदाही 'साईं' म्हणाल्या नाहीत.

वंदनाची माफी मी मागितली. ती नोटीस मात्र अजून सोसायटीच्या फाइलीत आहे. ती मागे घ्यायची, आणि का घेतो ते भर सभेत उभं राहून, प्रत्येक गोष्टीचं नाव घेऊन सांगायचं, हे मंदाताईंचं देणं माझ्याकडे बाकी आहे.