गिरणी बंद, कॉलेज चालू

सोमवार, बुधवार आणि शुक्रवार, दिवेलागणीच्या जरा आधी, मष्णूअण्णा माझ्या गिरणीसमोर भर रस्त्यात उभा राहायचा आणि लाल झेंडी दाखवायचा. खरोखरची झेंडी, रेल्वेची. पट्टा फिरत असो, निम्मं दळण जात्यात असो, गिऱ्हाइकाची शेवटची बस सुटायची असो. झेंडी उघडली की मी मोटार बंद करायची. मग तो शेजारच्या आपल्या घराकडे मान वळवून ओरडायचा, "लाइन क्लिअर! लाव गं!" आणि आतून रेडिओवर कुणीतरी प्राध्यापक कन्नडमध्ये अर्थशास्त्र शिकवायला लागायचे.

रामनगरच्या बाजारात मला कोणी अडवत नाही. खानापूरकडच्या खेड्यातून आलो तेव्हा एक जुनं जातं आणि स्वतःचं तोंड एवढंच माझं भांडवल होतं. तांदूळवाले, लाकूडवाले, वीजखात्याचे लोक, सगळ्यांशी भांडून गिरणी उभी केली. माझ्याशी घासाघीस करायची म्हणजे माणसं घरून जेवून येतात. आणि या म्हाताऱ्यानं हातभर लाल फडक्यावर माझी गिरणी बंद पाडली. याचा राग मला तेव्हाही होता, आजही आहे. म्हणून लिहिताना मी त्याला 'तो' म्हणतोय. समोर मात्र 'अहो अण्णा' म्हणावं लागायचं.

मष्णूअण्णा रेल्वेत गँगमन होता. कॅसलरॉकच्या घाटात रूळ तपासत त्याची उमर गेली. निवृत्त होऊन तो माझ्या शेजारी राहायला आला, पण रेल्वे त्याच्यातून निवृत्त झाली नव्हती. चहा उशिरा आला की "लेट का?" असं विचारायचा. रस्त्यानं चालताना खाली बघून चालायचा आणि एखादा दगड हलका वाटला की पायानं दाबून बसवायचा. बायको आधीच गेलेली. एकुलता एक मुलगा लग्नानंतर दुसरी दिवाळीही न बघता तापानं गेला. घरात राहिले दोघं, हा आणि सून सुमन.

सुमन बारावी झालेली होती. नवऱ्याचे दिवस झाल्यावर माहेरची माणसं तिला न्यायला आली, तेव्हा अण्णानं त्यांना चहा पाजला आणि विचारलं, "नेऊन काय करणार?"

ती माणसं म्हणाली, "काय करणार? राहील घरात, चार कामं करील."

"मग तसली कामं हितं बी हायत," अण्णा म्हणाला. "माझ्याकडं राहिली तर बी.ए. हुईल."

हे त्यानं तिलाही विचारलं नव्हतं. पण बोलून गेला, आणि रेल्वेचा माणूस बोललेलं वेळापत्रक बदलत नाही. तिला शिकवायचं, नोकरीला लावायचं, स्वतःच्या पायावर उभी करायची, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं. कॉलेज म्हणजे दांडेली नाहीतर बेळगाव. रोज एवढ्या लांब जाणं-येणं जमणारं नव्हतं. मग कुणाकडून तरी त्याला कळलं की एका विद्यापीठाची घरबसल्या शिकायची सोय आहे. पुस्तकं टपालानं येतात, आणि काही पाठ रेडिओवर होतात.

पहिलं पार्सल आलं त्या दिवशी त्यानं पुस्तकांना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि मग प्रत्येक पुस्तकाचं पान न पान तपासलं. वाचलं नाही, फक्त तपासलं. शिवण ढिली आहे का, मधलं पान गळलं आहे का. "रुळाचा एक बोल्ट सैल असला तर आख्खी गाडी जाती," तो मला म्हणाला. एका पुस्तकात एक पान उलटं शिवलेलं निघालं. ते पुस्तक त्यानं तक्रारीसह परत पाठवलं. नवं येईपर्यंत सुमनला तो विषय उघडू दिला नाही.

रेडिओच्या पहिल्या पाठाला त्यानं सुमनला धुतलेलं पातळ नेसायला लावलं. रेडिओ पाटावर. प्राध्यापकांचा आवाज आला तसा हा उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "सुमन मारुती गावडे, हजर हाय, सर." प्राध्यापक पुढं बोलतच राहिले. अण्णाला ते आवडलं नाही. "हजेरी न घेता शिकवतोय. नवा दिसतोय," एवढं बोलून तो खाली बसला. आणि तेवढ्यात माझी मोटार सुरू झाली.

माझी मोटार सुरू झाली की त्याच्या रेडिओत नुसती तळणी चालायची. कांदाभजी सोडल्यासारखा आवाज, त्यात प्राध्यापक बुडून जायचे. दुसऱ्या पाठाला तो झेंडी घेऊन आला.

"सावकार, पाठ संपस्तंवर गिरणी बंद ठेवायची."

"आणि माझं नुकसान? भरपाई कोण देणार?"

"मेल जाताना फाटक पडतंय. बैलगाडीवाला भरपाई मागतोय व्हय?"

"अहो अण्णा, ही माझी गिरणी हाय, रेल्वेचं फाटक न्हवं!"

"ते मला ठावं हाय. फाटकवाला एवढा वरडत नसतोय."

रांगेतल्या बायका हसल्या. मी पुष्कळ घासाघीस केली. आठवड्याला एक दिवस म्हणालो, सकाळी लावा म्हणालो, रेडिओ मागच्या परड्यात न्या म्हणालो. तो प्रत्येक वेळी शांतपणे "न्हाई" म्हणायचा. ज्याला देण्यासारखं काही नाही आणि स्वतःसाठी घ्यायचंही काही नाही, त्याच्याशी सौदा करता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी एवढंच ठरलं की बंद वेळेत माझं गिऱ्हाईक नाक्यावरच्या दुसऱ्या गिरणीत जाऊ नये ही जबाबदारी त्याची. ती त्यानं पाळली. कुणी बाई डबा उचलून निघाली की आडवी झेंडी धरून म्हणायचा, "फाटकात थांबल्याली गाडी माघारी वळवत न्हाईत. बसा. ऐका. फुकट हाय."

त्या बसायच्या. आणि ऐकायच्या. आमच्याकडं कन्नड सगळ्यांनाच येतं, त्यामुळं नाचणी दळायला आलेल्या बायका महिनाभरात मागणी, पुरवठा, बाजारभाव असं बोलायला लागल्या. माझ्यासारख्या व्यापाऱ्याच्या दारात हे ज्ञान फुकट वाटणं म्हणजे चोराला किल्ली दाखवणं.

चतुर्थीच्या तोंडावर तर कहर झाला. गिरणीवर पिठासाठी ही गर्दी, आणि सुमनची परीक्षा जवळ आलेली. अण्णा झेंडी घेऊन उभा. मी म्हणालो, "आज न्हाई. सणाचा धंदा हाय. काय करायचं ते करा."

मोटार चालू ठेवली. सुमन बाहेर आली. "मामंजी, राहू दे. मी पुस्तकातनं वाचीन. काकांचं पण पोट आहे."

"तू आत जा," अण्णा म्हणाला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तोच आत गेला, रेडिओ काखेत मारून आला आणि सुमनला घेऊन गावाबाहेर जंगलाच्या कडेला चालता झाला. आमच्याकडं त्या वेळेला तिकडं कोणी जात नाही, अस्वलं हिंडतात. पाहून आलेल्यांनी सांगितलं की सुमन दगडावर बसून लिहून घेत होती आणि म्हातारा तिच्याकडं पाठ करून झाडीपुढं उभा होता, हातात काठी. अस्वलं पळवायला डबा वाजवला तर पाठ ऐकू येणार नाही, म्हणून नुसता उभा.

इकडं माझ्या रांगेतली पार्वताक्का उठली. तिनं तांदळाचा डबा डोक्यावर घेतला.

"कुठं चाललीस?" मी विचारलं.

"नाक्यावरच्या गिरणीत. सावकार, तुमची बेडिके पडली बगा."

बेडिके म्हणजे मागणी. हा शब्द तिला माझ्याच दारात बसून मिळाला होता. तिच्यामागून बाकीच्याही उठल्या. सणाचा सगळा धंदा नाक्यावर गेला. पुढच्या पाठाला मी झेंडीची वाट न बघता मोटार बंद केली. त्याबद्दल अण्णानं आभार मानले नाहीत. "आज टाइमात हाय," एवढंच म्हणाला.

परीक्षेला तो तिच्याबरोबर बेळगावला गेला. पेपर वाटणारे सर थोडे उशिरा आले, तर यानं त्यांना दारातच अडवून "लेट का?" विचारलं म्हणे. असं वर्षामागून वर्ष चाललं. सुमन बी.ए. झाली, पुढं कारवारला मुलींच्या एका वसतिगृहात देखरेखीची नोकरी लागली. राहायला खोली. माझी गिरणी मोकळी झाली, आणि मी सुटकेचा श्वास घेतला.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी सुमन गिरणीत आली. मागं चार पावलांवर अण्णा, जमिनीकडं बघत.

"काका, एक विचारू? मी मामंजींना म्हणतेय, तुम्ही पण चला. खोली मोठी आहे. तर म्हणतात, सावकारानं मला कामाला ठेवलंय. मी गेलो तर त्याची गिरणी बंद पडंल. खरं का हे?"

मी अण्णाकडं पाहिलं. मला वाटलं, निदान डोळा तरी मारील, हात तरी जोडील. तो नुसता पायानं एक दगड दाबत राहिला.

माझी गिरणी! ज्या माणसानं वर्षानुवर्षं ती बंद पाडली त्याच्यावाचून ती बंद पडणार! माझ्या तोंडाशी एवढं आलं होतं की सांगता सोय नाही.

"व्हय," मी म्हणालो. "खरं हाय. माझ्यानं एकट्यानं रेटत न्हाई आता."

सुमननं मला वाकून नमस्कार केला आणि घरी गेली. ती आत गेल्याबरोबर मी म्हाताऱ्याला धरला. "फुकटात खोटी साक्ष दिली मी. जन्मात असला सौदा केला न्हाई. जायचं सोडून हितं काय करणार तुम्ही? भाकरी कोण घालणार?"

"मी संगं गेलो तर तिथं बी ती इधवा सूनच ऱ्हाणार, सावकार," अण्णा म्हणाला. "लोक पयल्यांदा इच्यारणार, म्हातारा कोण? मग पोराचं निघणार. एकटी गेली तर बी.ए. झाल्याली बाई. उद्या कोण चांगला माणूस भेटला, तर मधी माझं तोंड कशाला?"

"आणि तुम्ही?"

"मी न्हवं का तुमच्याकडं कामाला?"

दुसऱ्या दिवशी कारवारची बस आली. सुमन खिडकीतून रडत होती, हा तिला वसतिगृहाचं दार रात्री किती वाजता लावावं ते समजावत होता. बस वळणाआड गेली. गाडीचा आवाज जाईपर्यंत माणूस उभा राहतो, तसा तो उभा राहिला. मग आवाज गेला तरी उभाच.

मला राग आला. मला कशानंही येतो. मी ओरडलो, "अहो अण्णा! दळणाला माणसं येऊन बसल्यात. पगारी माणूस असा रस्त्यात उभा ऱ्हातोय व्हय?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. आजवर माझ्यापुढं याचंच चालत आलं होतं. त्या दिवशी मात्र तो माझ्या मागून आला, पिठाची चाळण उचलली आणि कामाला लागला.