वारुळावरची भाजी

"अळंबी ही भाजीच हाय, शास्त्रानं सिद्ध केलंय," असं चन्नवीरनं बायकोला ठणकावून सांगितलं. कुठल्या शास्त्रानं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

दुष्काळ सरून यंदा पाऊस बरा झाला होता. गिरणीतला केम गावचा रावजी रोज डबा उघडून सांगायचा, की वारुळावरच्या अळंबीपुढं मटण झक मारतं. चन्नवीरच्या सात पिढ्यांत कुणी मटण चाखलं नव्हतं. त्यामुळे ही चव असते तरी कशी, या विचारानं त्याचा जीव कासावीस झाला. शेवटी रविवारी तो रावजीबरोबर कुंभारीच्या माळावर गेला आणि रावजीनं पारखून दिलेली टोपलीभर अळंबी घेऊन आला.

हेमावतीनं टोपलीला हातसुद्धा लावला नाही. "माझ्या चुलीवर हे चढणार न्हाय. आणि संध्याकाळी आपल्या गौरम्माला बघायला अक्कलकोटची माणसं येणार हायत. तुमच्या भैनीचं लगीन ध्यानात हाय न्हवं?"

"संध्याकाळला लई वेळ हाय की."

त्यानं परसात तीन दगड मांडले. रावजीच्या हुकमाप्रमाणे कांदा-खोबरं भाजलं, लसूण ठेचला, वर काळा मसाला. तो वास भिंत ओलांडून गल्लीभर हिंडला. शेजारच्या पार्वतम्मांनी खिडकी लावली, मग पुन्हा उघडली. बघता बघता लिंगायतांच्या त्या गल्लीत बातमी पक्की झाली, की चन्नवीरच्या घरी बकरं शिजतंय.

पाहुणे नेमके दुपारच्याच गाडीनं आले आणि पत्ता विचारताना बातमीही घेऊन आले. मुलाचे वडील वीरभद्रप्पा उंबऱ्यातच थांबले. "लिंगवंताच्या घरात हे काय चाललंय?"

हेमावतीनं डोळ्यांना पदर लावला. आपल्या जिभेपायी बहिणीचं लग्न मोडतंय, हे चन्नवीरला कळलं. त्यानं पातेलंच उचलून आणलं. "अप्पा, मातीतनं उगवलेली भाजी हाय ओ. तुमीच चाखून बघा."

वीरभद्रप्पांनी एक फोड तोंडात टाकली. डोळे मिटले. मग भाकरी मागितली, मग दुसरी मागितली. त्यांच्या पत्नी बसव्वांना राहवेना. "काय हाय ओ मग? भाजी, का ते?"

"भाजीच," वीरभद्रप्पा बोटं चाटत म्हणाले. "त्याला हाडं असत्यात. चव मातर हुबेहूब तीच."

बसव्वांनी हळूच नवऱ्याकडे मान वळवली.

"पोरगी पसंत हाय," वीरभद्रप्पा घाईघाईनं चन्नवीरला म्हणाले. "सुपारी आत्ताच फोडू."

गौरम्मा अजून माजघरातून बाहेरही आली नव्हती.