लाल इंजिनाचा तिसरा रकाना

रकाना तिसरा : निष्कर्ष
(हा रकाना सर्वप्रथम भरावा.)

नवी आवृत्ती जुन्या आवृत्तीपेक्षा सर्व बाबतींत सरस आहे.

रकाना पहिला : जुनी आवृत्ती

मोटारसायकलच्या इंजिनाच्या दोन आवृत्त्यांची तुलना करायची तर दोन इंजिनं लागतात, ही गोष्ट चाचणी विभागाच्या लक्षात सोमवारी सकाळी सव्वादहा वाजता आली. खोलीत दोन लोखंडी चौथरे होते. डाव्यावर जुनं इंजिन बसवलेलं होतं. उजव्यावर कुणाचा तरी जेवणाचा डबा होता.

नवं इंजिन कुठे अडलं याची चौकशी झाली. आराखडा विभागाने लेखी कळवलं की, नवं इंजिन बनवायला वरची मंजुरी लागते आणि ते जुन्यापेक्षा सरस असल्याचा चाचणी अहवाल जोडल्याशिवाय मंजुरी मिळत नाही. तरी अहवाल तातडीने पाठवावा. यात कुणालाही काही वावगं दिसलं नाही. जाहिराती छापून झाल्या होत्या, विक्रीची तारीख ठरली होती. राहता राहिलं होतं फक्त इंजिन.

चाचणी करणाऱ्या मिस्त्रींना सगळे कानसेन म्हणत. लांब दांड्याचा एक स्क्रूड्रायव्हर त्यांच्या खिशात कायम असे. त्याचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे, की आत कुठला दाता झिजलाय आणि कुठला झिजायचा विचार करतोय, हे त्यांना कळे. यंत्रं नंतर तेच आकडे दाखवीत, जरा उशिरा.

त्यांच्या नोकरीला एकोणतीस वर्षं दहा महिने झाले होते. हा आकडा महत्त्वाचा आहे. तीस वर्षं भरली की कंपनीच्या वसाहतीतल्या दोन खोल्या नवराबायकोला मरेपर्यंत राहायला मिळत. एक दिवस कमी पडला तर महिन्याभरात किल्ली परत.

रकाना दुसरा : नवी आवृत्ती

मंगळवारी गोदामातून दुसरं जुनं इंजिन आणलं गेलं आणि त्याला लाल रंग देण्यात आला. तो वाळायला बुधवार लागला. अहवालात या कालावधीला ‘विकासाचा टप्पा’ म्हटलं आहे.

गुरुवारी समिती आली. विभागप्रमुख साहेब लाल इंजिनापाशी वाकले आणि बराच वेळ मान तिरकी करून उभे राहिले.

“वा! केवढा शांत आवाज!”

“साहेब, अजून चालू केलेलं नाही,” कानसेन म्हणाले.

“तेच म्हणतोय मी. जुनं बंद असताना इतकं शांत असायचं का?”

जाहिरात विभागाच्या बाईंनी डोळे मिटले. “मला तर याच्यात आत्मविश्वास ऐकू येतोय.”

“बाई, तो पंखा आहे. तुमच्या मागचा.”

मग दोन्ही इंजिनं चालू झाली. आकडे आले. ताकद डावीकडे आठ पूर्णांक दोन, उजवीकडेही आठ पूर्णांक दोन. समितीने दोन्हींची नीट नोंद केली : जुन्यात ‘केवळ ८.२’, नव्यात ‘तब्बल ८.२’. तापमान सारखंच भरलं, म्हणून जुनं ‘तापतं’ आणि नवं ‘लवकर ऊब धरतं’. कंपन सारखंच भरलं, तेव्हा सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी शब्द पुरवले. जुनं ‘हादरतं’. नवं ‘चालकाशी संवाद साधतं’.

कानसेननी स्क्रूड्रायव्हर आधी एकाला लावला, मग दुसऱ्याला. “साहेब, हे दोन्ही एकच आहेत. एका साच्यातली जुळी भावंडं. फॉर्ममध्ये ‘फरक नाही’ कुठे लिहायचं?”

साहेबांनी फॉर्म उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. “तशी सोयच नाही हो. म्हणजे तसं कधी होत नसणार.” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “सही तुमची लागते, कानसेन. तीस भरायला किती राहिले तुमचे?”

घरी बायको कांदा चिरत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, सुरी थांबवली नाही.

“अहो, इंजिन काय तुमच्या मामाचंय? दोन महिने तोंडाला कुलूप घाला. मग बसा अख्ख्या गावाला सांगत, लाल काय नि काळं काय.”

“अगं, पण खोटं आहे ते.”

“ही भिंत खरी आहे ना? हे छप्पर? मग सही करा.”

शुक्रवारी त्यांनी सही केली. ती मात्र फार सुबक आली.

जोडपत्र एक : परिणाम

अहवालाचं वरच्या पातळीवर कौतुक झालं. इतकं की, नवं इंजिन बनवण्याची गरजच उरली नाही. ते चाचणीत उतरलेलंच होतं. जुन्या इंजिनांना लाल रंग द्यायचा विभाग निघाला. जुनं इंजिन ‘हादरतं’, असं आता कागदावर होतं, म्हणून सुरक्षा अधिकाऱ्यांनी ते रस्त्यावर आणू नये असं पत्रक काढलं. घाबरलेले लोक जुन्या गाड्या कारखान्यात आणून देऊ लागले. त्या मागच्या दाराने आत जात आणि लाल होऊन पुढच्या दाराने बाहेर येत. मधे एक भिंत होती, तिच्यावर ‘शांतता राखा’ असं लिहिलं होतं.

फॉर्म एवढा उपयोगी ठरल्यावर तो एकट्या इंजिनावर थांबवणं अन्यायाचं झालं असतं. पुढच्या महिन्यात तो कर्मचाऱ्यांना लागू झाला.

जोडपत्र दोन : चाचणी मिस्त्री, जुनी आणि नवी आवृत्ती

नवा मिस्त्री आला नव्हता. त्याला नेमायला तो जुन्यापेक्षा सरस असल्याचा अहवाल लागत होता.

कानसेनना लाल रंगाचा गणवेश देण्यात आला. समितीने त्यांना आधी जुन्या खाकीत आणि मग लाल कपड्यांत खोलीभर चालायला लावलं. जुनी आवृत्ती ‘म्हातारी’ निघाली, नवी ‘अनुभवी’. जुनी ‘वाद घालते’, नवी ‘मुद्दा मांडते’. लाल आवृत्ती सर्व बाबतींत सरस ठरली. तिला त्याच दिवशी नेमणूकपत्र मिळालं. जुनी सेवेतून कमी करण्यात आली. जुनीची सेवा : एकोणतीस वर्षं अकरा महिने. नवीची सेवा : एक दिवस.

घराची किल्ली तीस दिवसांत जमा करावी, असं खाली बारीक अक्षरात होतं.

“साहेब, माणूस तोच आहे!” कानसेन म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. “कपडे लाल आहेत फक्त.”

“अहो, मलाही वाईट वाटतंय. पण कपडे लाल झाल्याने काही बदलत नसेल, तर इंजिन लाल झाल्यानेही बदलत नसणार. मग तुमची सही खोटी ठरते. खोट्या सहीला बडतर्फी आहे. तुम्हीच सांगा, जायचं कसं तुम्हाला? बदललेले म्हणून की खोटारडे म्हणून?”

साहेब मनाने तसे चांगले होते. त्यांनी नियमांचं पुस्तक काढून एक कलम शोधून दिलं. नवी गाडी घेतलेल्या एका जरी ग्राहकाने अभिप्रायाच्या फॉर्मवर, समासात, स्वतःच्या हाताने ‘फरक नाही’ असं लिहिलं, तर सगळे तुलना-अहवाल मागे घेतले जातात आणि सही करणाऱ्याला दोष लागत नाही. कारण ग्राहक हा अंतिम परीक्षक.

“एकच ग्राहक?”

“एकच. आजवर मिळाला नाही कुणाला.”

त्या संध्याकाळी बायकोने त्यांच्या खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला, टोक त्यांच्या छातीला टेकवलं आणि मूठ स्वतःच्या कानाला लावली. बराच वेळ ऐकत राहिली.

“तेच आहे,” ती म्हणाली. “घरघर करतंय, पण तेच आहे. जा, शोधा एक माणूस. कुलूप मीच घाला म्हटलं होतं, आता मीच काढते.”

ग्राहकाचा अभिप्राय

एकोणतीस दिवस ते कामाच्या आधी आणि नंतर पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यावर उभे राहिले. लाल इंजिन दिसलं की पुढे व्हायचे, हात जोडायचे, फॉर्म आणि पेन पुढे करायचे. एकाने त्यांना विमा विकणारा समजून हाकललं. एकीने ‘कंपनीवर जळणारे’ म्हटलं. एका काकांनी त्यांनाच समजावलं की, जुन्या कानांना नवा आवाज पटकन समजत नाही.

तिसाव्या दिवशी सकाळी एक गाडी येऊन थांबली. चालवणाऱ्याने हेल्मेट काढलं. त्याने फॉर्म लगेच परत केला नाही, म्हणून कानसेनना आशा वाटली.

“तुम्ही फक्त खरं सांगा,” ते म्हणाले. “आधीची गाडीही आमचीच होती ना? मग काही वेगळं वाटलं?”

माणसाने पेनाचं टोपण काढलं. गाडी आणली त्याच्या चौथ्या दिवशी, चढावर, त्याच्या ध्यानात आलं होतं. तीच घरघर, तिसऱ्या गिअरला तोच ओळखीचा ठसका. पण तोपर्यंत त्याने मेहुण्याला तिच्यावरून एक फेरी मारू दिली होती आणि “जमीन-अस्मानाचा फरक आहे” असं सांगितलं होतं. शेजाऱ्यानेही त्याच्या शब्दावर तशीच घेतली होती. ऑफिसातल्या तिघांनी नाव नोंदवलं होतं.

“माझं घर आहे हो यावर,” कानसेन म्हणाले. “आज संध्याकाळी किल्ली द्यायचीय.”

“अहो, पण असं कसं? हिचा आवाज बघा ना किती मऊ आहे,” माणूस म्हणाला आणि गाडी चालू करून दाखवली.

कानसेननी स्क्रूड्रायव्हर टेकवला नाही. ते नुसते तुमच्याकडे बघत राहिले.

हो, तुमच्याकडे. हेल्मेट काढलेला माणूस तुम्हीच होतात. समास कोरा होता, दोन शब्दांपुरती जागा सहज होती, आणि मागे कुणी हॉर्नही वाजवत नव्हतं. तरी तुम्ही समास सोडून छापील प्रश्नाकडे वळलात :

नव्या आवृत्तीत फरक जाणवला का?
☐ हो
☑ खूप

घाईत त्यांचं पेनही तुम्ही खिशात घालून घेऊन आलात. बघा, अजून लिहितं. जुनंच आहे.