मॅडम कोहच्या दिव्यावरचं नाव

"काचेतलं मला विचारा!" असं निशिकांत छातीठोकपणे सांगायचा, तेव्हा कुणी काही विचारलेलंच नसायचं.

त्याचं झालं असं, की सिंगापूरमधल्या सेम्बावांगच्या त्याच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये घरमालकीण मॅडम कोहनी कपाटा-पलंगाबरोबर एक जुना इटालियन काचेचा टेबललॅम्प ठेवला होता. त्यांच्या दिवंगत नवऱ्याची आठवण! निशिकांतने लायब्ररीतून एक पुस्तक आणलं आणि महिनाभर बायकोचं डोकं खाल्लं.

"अगं सुलेखा, सातशे वर्षांपूर्वी व्हेनिसवाल्यांनी आगीच्या भीतीने काचेच्या भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या! कारागिरांना बेट सोडायची बंदी! आमच्या प्लांटचं जुरोंग आयलंड तरी दुसरं काय? भट्ट्या बेटावर, आणि पास असल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही!"

"फरक आहे हो. ते काहीतरी सुंदर बनवायचे."

पुण्याहून आलेल्या सासूबाई, अरुणाबाई, मात्र भक्तिभावाने ऐकायच्या. निशिकांत सारखा 'आपला दिवा, आपला दिवा' करायचा. दिवा आपला नाही, एवढंच सांगायचं राहून गेलं.

"आई, काही कारागीर बुडाशी नाव कोरायचे. नाव नसलं की दिव्याला कोण विचारतो!"

"आणि आपल्यावर?"

"कोरी पाटी! तेच तर दुर्दैव!"

अरुणाबाईंनी मान डोलावली. लेकीसाठी आणलेल्या बारा वाट्यांवर नावं घालायला जावयाने प्लांटमधून कोरायचं मशीन आणून दिलंच होतं.

रविवारी मॅडम कोह भाडेकरार वाढवायला आल्या. त्यांनी नाही म्हटलं तर नवं घर, मुलीची, राणीची, नवी शाळा, सगळंच आलं!  त्यांना खूश करायला काचेची माहिती सांगत निशिकांतने दिवा अलगद उलटा केला.

"वाह! गॉट सिग्नेचर!" मॅडम कोह आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा लावला. "थर्टी इयर्स, आय नेव्हर सी! व्हॉट इट से?"

निशिकांतने वाचलं आणि दिवा झटकन स्वतःकडे वळवला.

"जुनी... फार जुनी लिपी आहे, मॅडम," तो इंग्रजीत पुटपुटला.

तेवढ्यात आठ वर्षांची राणी मध्ये घुसली. बापाने दोन वर्षं डोकेफोड करूनही या पोरीने मराठीची एक ओळ वाचली नव्हती. आजीने मात्र पंधरा दिवसांत वाट्यांवर शिकवलं होतं!

"सौ... सु-ले-खा-स... आ-ई-क-डू-न! मम्मीज नेम लाह, आंटी! आजी गिव्ह वन!"

"अगंबाई! आपला दिवा म्हणाले ना जावईबापू?" अरुणाबाईंनी पदर तोंडाला लावला.

मॅडम कोहनी कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग हसल्या. "मदर गिव्ह डॉटर, हाऊ टू टेक बॅक? लॅम्प यू कीप. बट फ्लॅट स्टिल माइन, करेक्ट?"

"करेक्ट, मॅडम! हंड्रेड पर्सेंट!"

त्यांनी सही करायला पेन उघडलं. निशिकांतचा जीव भांड्यात पडला. राणी मात्र आता वाचनाच्या भरात होती. ती दाराशी गेली आणि लोखंडी गेटच्या कुलपाच्या पट्टीवर बोट ठेवून मोठ्याने वाचू लागली,

"सौ... सु... ले..."

मॅडम कोहनी पेनाला टोपण लावलं.