पुढची दोन दारं

नव्या बिऱ्हाडाचा ट्रक आमच्या ओळीत वळला की भोयरकाका आडवे उभे राहत. सामान उतरायच्या आधी विचारत, "तुमच्या पुढची दोन दारं कोणाची, सांगा बरं!" तो बिचारा अजून खिशात किल्ली शोधत असे.

आमची सरकारी क्वार्टरं. बदल्यांमुळे वर्षभर येणं-जाणं. पाणी पहाटे केव्हाही, जेमतेम अर्धा तास. पहिल्या घराने दुसऱ्याचं दार वाजवायचं, दुसऱ्याने तिसऱ्याचं. मधलं एखादं बिऱ्हाड हललं, की पुढची सगळी ओळ झोपलेली. मग नागपूरच्या मे महिन्यात दिवसभर कोरडी घागर.

मी यादी केली. कोण कुठल्या घरात, कोण रजेवर. नळाजवळच्या भिंतीवर लावली. काकांनी चष्मा वर करून वाचली.

"अक्षर झकास, वहिनी. पण पाच नंबरवाले परवाच अकोल्याले गेले."

मी खोडलं. दोन दिवसांनी आठ नंबर गेले.

"यादी शिळी होऊन राहिली न! सगळ्यायले सगळं काहून पाहिजे? जो तो आपली पुढची दोन दारं सांभाळंल. पहिल्यानं ओ नाही दिली, तर दुसरं वाजवा."

शिवाय रोज संध्याकाळी त्या दोन दारांशी जाऊन "आहे न गा?" विचारायचंच. नायरबाई मराठीतलं हे एकच वाक्य शिकल्या आणि बायकांनाही 'गा' म्हणू लागल्या. त्या उन्हाळ्यात चार बिऱ्हाडं हलली, पण घागर कोणाची कोरडी राहिली नाही. मी यादी मुकाट्याने काढली.

एका पहाटे माझं दार शेजारच्या काकांनी नाही, त्यांच्याही अलीकडच्या नायरबाईंनी वाजवलं. काकांनी ओ दिली नव्हती. पुढचं दार वाजवून आम्ही दोघी त्यांच्याकडे धावलो. काका तापाने फणफणले होते. डॉक्टर आले, सुई झाली.

जरा उतार पडल्यावर ते म्हणाले, "आमची मंडळी अशीच पडली होती. मले तवा एकच दार माहीत होतं. धावत गेलो, तर त्याले कुलूप. बदली झाली होती त्यायची."

नायरबाईंनी त्यांच्या कपाळावरची ओली पट्टी बदलली.

नियमाने काका माझ्या वाट्याचे नव्हते. माझी दारं पुढची. तरी संध्याकाळी त्यांच्या दाराशी गेले. "काका, आहे न गा?"

"तुमी उलट्या कुठं आल्या, वहिनी? नियम काय आहे?"

मी वळले, तोच आतून आवाज आला, "आहे, आहे. उद्या पण विचारजा."